लोखंडाला सुतक असते का?

शाळा सुटली, वह्या तपासून झाल्या आणि कादंबरीचे चालू प्रकरण अडून बसले, की मी जुने वस्तरे काढून बसतो. कोणाला पोष्टाची तिकिटे जमवायचा नाद असतो, कोणाला बुद्धिबळाचा. मला गंजलेल्या वस्तऱ्यांचा आहे. वणीच्या आठवडेबाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर एखादा हाती लागतो. पात्याच्या मानेवर जर्मनीतल्या सोलिंगेनचे किंवा इंग्लंडातल्या शेफील्डचे नाव अर्धवट पुसलेले असते. मूठ बहुधा गेलेली. म्हशीच्या शिंगाची असली तर किड्यांनी खाल्लेली. सेल्युलॉइडची असली तर त्याहून वाईट, कारण हा पदार्थ कुजू लागला की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ज्या पात्याला जपायचे त्यालाच तो गंज चढवतो. (असे पालक आम्हां मास्तरांना पुष्कळ भेटतात!)

काम सबुरीचे आहे. तांबडा गंज तेलाने आणि बारीक पॉलिशकागदाने निघतो. काळा डाग मात्र लोखंडात मुरलेला असतो. तो काढण्यासाठी यंत्राची घाई केली तर पाते तापून निळे पडते आणि पोलादाचे पाणी जाते. निसण्यावर पाते असे आडवे ठेवायचे, की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतील. धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून तर कोन बिघडत नाही. शेवटी शिसवीची किंवा बाभळीची मूठ घडवून पितळेच्या खिळ्याने जोडायची.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले वृद्ध न्हावी तात्या एक वस्तरा घेऊन आले. त्यांच्या दुकानात आता नातू अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा चालवतो. हा वस्तरा आजोबांच्या धोकटीतला. "गुरुजी, याला नवा करून द्या," एवढेच म्हणाले. मग उठता उठता उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "तुमच्या वाड्यावर जायचा तो हाच. त्या कामाचा वेगळा ठेवलेला होता."

कोणते काम, हे मला विचारावे लागले नाही. माझ्या आजोबांच्या आत्या बाराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. आजी सून म्हणून घरात आली तेव्हा त्या होत्या. आलवण नेसलेल्या, स्वयंपाकघर आणि परसू एवढेच जग असलेल्या. ठरल्या दिवशी न्हावी मागल्या दाराने येई. त्या दगडावर बसत. दोघांपैकी कोणी बोलत नसे. आजी सांगायची, वस्तऱ्याचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई.

पंधरा दिवस मी त्या वस्तऱ्याला हात लावला नाही. मनात आले, हे डाग घासून टाकणारा मी कोण? तो काळा डाग म्हणजे साक्ष आहे. आणि साक्षीदाराचे तोंड पुसून त्याला चकचकीत करणे ही आमच्या घराण्याला फारच सोयीची गोष्ट होईल. मुंबईत १८९० साली शेकडो न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे ठरवले. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. तात्यांच्या आजोबांनी तसे का केले नाही, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि लगेच मी ओशाळलो. शहरातल्या न्हाव्याच्या पाठीशी चारशेजण होते. गावातला न्हावी एकटा, आणि त्याच्या बलुत्याचे धान्य आमच्याच खळ्यातून मोजून जायचे. आमचा हुकूम, त्याचे हात. आणि विटाळ मानायचा तोही त्याच्याच हातांचा!

मी तात्यांकडे गेलो. म्हटले, "तात्या, हा असाच ठेवावा. नातवंडांना दाखवता येईल."

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्हांला दाखवायला ठेवायचा, गुरुजी. आमच्या घरात तो दिसला की आजी तोंड फिरवायची. आजोबा त्या दिवशी जेवत नसत. पणतवंडाचे जावळ काढायचे आहे गडावर. ते याच वस्तऱ्याने काढायचे असे माझ्या मनात आहे. लोखंडाला काय सुतक असते का?"

मला उत्तर देता आले नाही. अजूनही नीटसे येत नाही. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ साली उतरवला. खालचे रूप पाहून कोणी हरखले, तर कोणाला ओळखीचा चेहरा हरवल्यासारखे वाटले. कोणते रूप खरे, हे दोघांनीही मनाशी ठरवलेलेच होते. मीही तसेच करत होतो. डाग जपण्याचा माझा आग्रह आत्यांसाठी होता, की माझी टोचणी दुसऱ्याच्या घरात ठेवून द्यायची ती युक्ती होती? तात्यांना मात्र तो वस्तरा त्याच हातांच्या घराण्यात दुसऱ्या कामाला लावायचा होता. आत्यांना विचारता आले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

महिनाभर मी ते पाते घासले. मुठीसाठी आधी वाड्याच्या चौकटीतले शिसव काढले होते. ते परत ठेवले आणि तात्यांच्या परसातल्या बाभळीचे लाकूड मागून आणले. पात्याच्या मानेशी, खिळ्याजवळ, एक डाग राहिला. तेथवर कागद पोचत नाही.

"हा राहिला," मी म्हटले.

तात्यांनी अंगठा फिरवला. "तिथे धार नसते," म्हणाले, आणि वस्तरा धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

जावळाच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम गडावर नेले. मूल हलू लागले तेव्हा डोके धरायला मलाच बसवले. वस्तरा लागण्याआधीच ते किंचाळून रडले, आणि तात्या त्याला "झाले हं, झाले" म्हणत पहिली बट काढू लागले.