गळ्यातील पट्टा आणि अदृष्ट भय

आमचे पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. तालुका पैठण, मुलूख मोसंबीचा. माझ्या पुतण्याची बाग या रस्त्याला अगदी लागून आहे. मागे त्याचे एक कुत्रे रात्री रस्ता ओलांडताना मालमोटारीखाली सापडले. घरातली पोरे दोन दिवस धड जेवली नाहीत. पुढे नवे पिल्लू आले, त्याचे नाव मोत्या. तो मोठा झाला तशी त्यालाही रस्त्यापलीकडची ओढ लागली. अशात परदेशाहून आलेल्या एका आप्ताने एक यंत्र आणून दिले. ते घेऊन पुतण्या माझ्याकडे आला नि म्हणाला, "आण्णा, हे बसवू का? पाप तर लागायचं नाही ना?"

यंत्राची रीत अशी. बागेच्या कडेने चार बोटे खोल तार पुरावयाची आणि तिची दोन्ही टोके घरातील पेटीस जोडावयाची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. त्यातील धातूची दोन टोके मानेच्या कातडीला टेकलेली. कुत्रे तारेजवळ गेले म्हणजे पट्टा प्रथम वाजतो. तरीही पुढे सरकले तर मानेला विजेचा झटका बसतो. पहिले काही दिवस निशाणे रोवून, दोरीने धरून त्याला हद्द शिकवितात. अमेरिकेत १९७०च्या दशकात ही युक्ती निघाली. आपल्याकडे रोही-डुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात, ते परक्या जनावरास बाहेर ठेवते. हे घरच्या जनावरास आत ठेवते. शिवाय हे कुंपण डोळ्यांना दिसतच नाही.

आता पूर्वपक्ष ऐकावा. कोणी म्हणेल, "महाराज, बैलाच्या नाकात वेसण आम्हीच घालतो. निखाऱ्याकडे धावणाऱ्या लेकराला आई चापट मारते. मग एका झटक्याचे एवढे काय?" शंका खोटी नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अहिंसेचा अर्थ सर्व भूतांविषयी अनभिद्रोह असा केला आहे. पुतण्याच्या मनात द्रोह मुळीच नाही. मोत्या जगावा एवढीच त्याची इच्छा. आणि साखळी तरी कुठे निर्दोष आहे? दिवसभर खुंटाला बांधलेले कुत्रे आपण गावोगाव पाहतो. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्यात मालकाने हयगय करणे ही देखील क्रूरताच, असे १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधाचा कायदा सांगतो.

तरीही माझे मन "बसव" म्हणेना. का, ते सांगतो.

आमच्या पैठणची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. आसूड बसला रेड्याच्या पाठीवर आणि वळ उमटले माउलींच्या पाठीवर. आईच्या चापटीतही हेच आहे. लेकराच्या गालाआधी तिचेच काळीज चरकते. पराणी टोचणारा शेतकरी बैलाचे अंग थरथरलेले पाहतो, म्हणून त्याचा हात कुठेतरी थांबतो. यंत्राला काय दिसते? आपण ओसरीवर झोपलेलो असावे आणि तिकडे बांधावर यंत्राने मारावे. मारणाऱ्याला आपण मारले हेसुद्धा ठाऊक नाही! दया उपजावी कोठून?

दुसरी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. जनमेजयाच्या सत्रात एक कुत्रे आले, त्याला राजाच्या भावांनी बडविले. ते रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे गेले. आईने आधी त्यालाच विचारले, तू काही अपराध केला असशील. ते म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही. मग सरमा त्या सत्रात गेली आणि माझ्या निरपराध पोराला का मारले, असे विचारती झाली. कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला की तुम्हांवर अदृष्ट भय येईल. राजा घाबरला आणि शापाचे शमन करील असा पुरोहित शोधीत हिंडला.

वाचकहो, शाप मृत्यूचा नव्हता, दारिद्र्याचाही नव्हता. न दिसणाऱ्या भयाचा होता. तेवढ्याने सम्राट कासावीस झाला. तेच भय आपण राखणदाराच्या गळ्यात बांधावे काय? भिंत दिसते, दोरी दिसते. आपल्याला कोणी अडविले, हे कुत्र्याला समजते. येथे मात्र मोकळ्या रानातून वीज येते, आणि का आली हे सांगणारे कोणी नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांताने २०१० साली असे विजेचे पट्टे वापरण्यास कायद्यानेच बंदी केली आहे.

व्यवहारही पाहावा. पिसाळलेले कुत्रे किंवा डुक्कर आत येण्यास ही तार आड येत नाही. सशामागे बेभान झालेले कुत्रे झटका सोसून बाहेर पडते. मग परतताना मात्र तेच भय त्याला रस्त्यावर अडवून धरते. पट्टा रात्रंदिवस ठेवला तर मानेला जखमा होतात. आणि आमच्याकडची वीज केव्हा जाईल, हे काय सांगावे?

मी पुतण्याला एवढेच म्हणालो, "बाबा रे, आधी तो पट्टा तुझ्या दंडाला लाव आणि तारेजवळ जा." त्याने तसे केले. झटका बसताच हात झाडला, नि बराच वेळ काही बोलला नाही. पुढे त्याने रस्त्याच्या अंगाला जाळी मारली. खर्च अधिक आला. मोत्याने एकदा जाळीखालून माती उकरलीच, तेव्हा तेथे दगड रचावे लागले. आता रोज सकाळ-संध्याकाळ त्याला दोरीने फिरवून आणतात.

ज्याला जाळी परवडत नाही आणि दाराशीच रस्ता आहे, त्याने तार पुरली तर त्याला मी पापी म्हणणार नाही. मात्र त्याने झटका बंद ठेवून नुसत्या आवाजावर भागते का, हे आधी पाहावे. आणि शिकविताना स्वतः जवळ उभे राहावे.

आपल्याही गळ्यात माळ आहे. तीही हद्दच घालते. काय खावे, काय टाळावे, एकादशीस कसे राहावे. पण ती मोडली तर झटका बसत नाही, लाज वाटते. आपल्याला ज्या धन्याने प्रेमाच्या हद्दीत ठेवले, त्याच्या मुक्या लेकराला आपण भयाच्या हद्दीत ठेवताना दहा वेळा विचार करावा, एवढीच विनंती.