परीक्षेचे फळ आणि गृहस्थाचा धर्म

उन्हाळा सरता सरता शालान्त परीक्षांचे निकाल लागतात आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : गुण किती मिळाले? प्रश्न स्वाभाविक आहे. महाविद्यालय, शिष्यवृत्ती आणि पुढे नोकरी यांची दारे पुष्कळ अंशी याच गुणांनी उघडतात वा मिटतात. गुणांना काहीच किंमत नाही असे म्हणणे हे वैराग्य नव्हे, ते असत्य होय. परंतु ती किंमत कशाची आहे, मुलाने केलेल्या कर्माची की खुद्द मुलाची, याचा विचार गीतापाठ करणाऱ्या गृहस्थाने अवश्य करावा.

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या नगरीतील एक चरित्र या प्रश्नावर प्रकाश टाकते. श्रीनिवास रामानुजन् शालेय परीक्षेत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले व १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणम् येथील शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. गणितावाचून अन्य विषयांत त्यांचे मन रमेना. ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली ते घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेले. १९०६ मध्ये मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा आरंभ केला. तेथे आजारपण आले. एफ. ए. ची परीक्षा दोनदा देऊनही यश लाभले नाही, आणि पदवीचा मार्ग खुंटला. पुढील काही वर्षे दारिद्र्यात गेली.

‘नापास झाले तरी काही बिघडत नाही’ असा बोध कोणी यातून घेऊ नये. पुष्कळ बिघडले. नियत कर्म टाळू नये असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे. आणि विद्यार्थ्याचे नियत कर्म अध्ययन हेच होय. फलाशा सोडावयाची ती कर्म पूर्ण करून. ‘फळावर अधिकार नाही’ या वचनाचा आळसाला आधार करणे म्हणजे गीतेचा अपलाप करणे होय.

पण याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. निकालाला ती लावून पाहावीत. शरीर सुदृढ होते की रोगी? करणारा कोणत्या प्रकृतीचा? बुद्धी, स्मृती इत्यादी साधने कशी होती? यत्न किती झाला? आणि प्रश्नपत्रिकेत नेमके काय आले? एवढी पाच कारणे मिळून जे घडते, त्याचा सारा भार एकट्या कर्त्याच्या शिरावर ठेवणे न्याय्य नव्हे. तसेच उज्ज्वल यशाचे सारे श्रेय एकट्याने घेणेही उचित नव्हे.

रामानुजन् यांचे पुढे काय झाले? १९१० साली ते इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांजकडे आपली वही घेऊन गेले. अय्यरांनी ती वही वाचली. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी काही काळ मासिक साहाय्य दिले. पण दुसऱ्याच्या आधारावर दीर्घकाळ राहणे त्यांना रुचले नाही, म्हणून १९१२ च्या मार्चमध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची कारकुनी त्यांनी पत्करली. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. १९१६ मध्ये संशोधनावर पदवी मिळाली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, मद्रासमध्येच त्यांचा देहान्त झाला. जे दार निकालाने मिटले होते, ते निकालाच्या पलीकडे कर्म पाहणाऱ्या माणसांनी उघडले. अशी माणसे प्रत्येकाला भेटतातच असे नाही. म्हणूनच घरातील माणसांनी तसे होणे अगत्याचे आहे.

मराठीत ‘निकाल’ हा शब्द परीक्षेलाही लागतो आणि न्यायालयातील खटल्यालाही. आईबापांच्या मनात हे दोन अर्थ एक होतात, तेव्हा घराचे न्यायालय होते व मूल आरोपी ठरते. याचे परिणाम भयंकर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात परीक्षेतील अपयशापायी देशात २,००० हून अधिक आत्महत्या झाल्या. तामिळनाडू शासनाने २०१७ पासून दहावी-बारावीच्या गुणवंतांची क्रमवार यादी प्रसिद्ध करणे बंद केले, ते योग्यच झाले. शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करणारी यादी मात्र आपल्या जिभेवरच असते. ती बंद करणे शासनाच्या हाती नाही.

फलाशात्यागाचा उपदेश आपण मुलाला करतो. तो प्रथम पित्याला लागू आहे. परीक्षा हे मुलाचे कर्म. त्याला आरोग्य, वेळ, शांत घर आणि चांगली संगत देणे हे पित्याचे कर्म. मुलाच्या गुणांतून स्वतःची प्रतिष्ठा मिळवू पाहणे ही तर दुसऱ्याच्या कर्माच्या फळाची आसक्ती झाली. म्हणून निकालाच्या दिवशी गृहस्थाने मुलाला नित्याप्रमाणे जवळ बसवून जेवू घालावे. ते गप्प गप्प राहू लागले, तर त्याला एकटे सोडू नये व जाणत्या वैद्याचे साहाय्य घ्यावे. मग चार दिवसांनी, मन शांत झाल्यावर, पाचांपैकी कोणते कारण उणे पडले ते त्याच्यासह शोधावे आणि पुढील यत्नाला लागावे. सुखदुःख व लाभहानी सम मानण्याचा अभ्यास घरातच करावयाचा असतो, आणि त्या अभ्यासात मुलाआधी आईबापांची परीक्षा होते.