कायद्यात आईला शिक्षा नाही

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण केलं. शीर्षक होतं ‘मिल्क अँड मर्डर’. गोड कंडेन्स्ड दुधावर वाढवलेली तान्ही बाळं दगावताना त्या पाहत होत्या. दिशाभूल करून हे दूध बाळांच्या तोंडी देणं म्हणजे खूनच, असं त्यांनी व्यापाऱ्यांच्याच सभेत सुनावलं. त्यांचा रोख आईवर नव्हता, जाहिरातीवर होता.

पुढे चाळीसेक वर्षं हा रोख टिकला. १९७७ मध्ये अमेरिकेत बाळांची दूधभुकटी विकणाऱ्या नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दूधभुकटीच्या विक्रीसाठी संहिता मंजूर केली. ११८ विरुद्ध एक. विरोधातलं ते एकमेव मत अमेरिकेचं!

कंपन्यांची खरी मेख फुकटच्या डब्यात होती. बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस एका वेळी चमचा-दोन चमचे चीकच येतो. तो बाळाला सहसा पुरतो, पण घरच्यांचा जीव राहत नाही. नेमक्या त्याच वेळी नमुन्याचा डबा हाती आला की बाळ वरच्या दुधाने पोट भरतं, अंगावर कमी ओढतं, आणि ओढलं नाही की दूधही कमी होतं. डबा संपेपर्यंत गिऱ्हाईक पक्कं झालेलं असतं. आपल्या १९९२ च्या कायद्याने या नमुन्यांवर, जाहिरातींवर, डब्यावरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्रावरही बंदी घातली. डबा विकत घेणाऱ्या आईला मात्र त्यात कुठेही शिक्षा नाही.

तरी ती शिक्षा भोगतेच. कंपन्यांविरुद्ध उभी राहिलेली चळवळ दवाखान्याच्या भिंतीवर पोचेपर्यंत ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ एवढीच उरली. ते खरंही आहे. पण कुणाचं सिझेरियन झालेलं असतं, कुणाच्या स्तनाग्रांना भेगा पडलेल्या असतात, कुणी औषधांवर असते. तिला ती पाटी आरोपपत्रासारखी वाचावी लागते. माझ्या मते चळवळीची ही सर्वांत मोठी घसरण.

दुसरी वाट आपल्याकडेच दाखवली गेली होती. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळू लागलं. कमी दूध असणं हा तिथे दोष नव्हता, सोडवायची अडचण होती.

एसटी स्थानकांवरचे, बाळाला अंगावर पाजण्यासाठीचे हिरकणी कक्ष त्याच वाटेवरचे, अर्थात कुलूप उघडं असेल तर. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पाळणाघर सक्तीचं झालं. पण ते पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथेच. ऊसतोडणीचा फड आणि आपल्या घरची धुणीभांडी या हिशेबात बसत नाहीत.

म्हणून बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा ‘दूध पुरतंय ना?’ हे विचारू नका. तिची भांडी घासून या. आणि घरी कामाला येणारी बाई ओली बाळंतीण असेल, तर तिला भरपगारी रजा द्या.