कॅमेऱ्यासाठी किती हिंसा?

लग्नाचं काम आटोपून मंगल कार्यालयातून बाहेर पडायला मला बहुतेक वेळा रात्रीचा एक वाजतो. वऱ्हाड गेलेलं असतं, रोषणाई उतरवणारी पोरं तेवढी शिडीवर असतात. पाठीवरच्या बॅगेत दोन बॉडी, २४-७०, ७०-२००, फ्लॅश, बॅटऱ्या असा चार-पाच लाखांचा ऐवज असतो आणि त्यातल्या निम्म्याचे हप्ते अजून चालू असतात. नाशिकच्या पेठ रोडवर कार्यालयाच्या फाटकापासून गाडीपर्यंत अंधार असतो. हिवाळ्यात पहाटे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाते, तिथेही वाटेवर चिटपाखरू नसतं. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : ताई, बॅगेत काय ठेवायचं? मिरचीचा स्प्रे, घडीचा चाकू, की मोनोपॉडच पुरे?

मी त्यांना आधी वेगळंच विचारते. लेन्स वाचवायला समोरच्या माणसाला किती इजा करायची तुमची तयारी आहे? याचं उत्तर ज्याने दिलेलं नाही, त्याने बॅगेत काहीही ठेवू नये, असं माझं मत आहे.

कायद्याचं उत्तर मोकळं आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या दंड संहितेतल्या ९६ ते १०६ या कलमांच्या जागी ती १ जुलै २०२४ पासून आली. हक्क शरीराच्या बचावाचा आहे तसा मालमत्तेच्या बचावाचाही. जबरी चोरीत तर तो समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचू शकतो. मर्यादा कलम ३७ ची : बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. म्हणजे कॅमेऱ्यासाठी माणूस मारणं काही परिस्थितीत या देशात गुन्हा ठरत नाही. मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली तेव्हा दिलासा वाटला नाही, जबाबदारी वाटली.

धर्मशास्त्र याहून फार कडक नाही. आततायी म्हणून जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा यांच्याबरोबर धन लुटणाराही बसतो, आणि आततायीला मारण्यात दोष नाही असं स्मृती म्हणतात. निबंधकारांनी या वचनावर शतकानुशतकं वाद घातला. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा मागोवा घेतला आहे. पण मला अर्जुन जास्त महत्त्वाचा वाटतो. लाक्षागृह, भीमाला दिलेलं विष, बळकावलेलं राज्य हे सगळं ठाऊक असूनही गीतेच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो की या आततायींना मारून आपल्याला पापच लागेल. शास्त्राची परवानगी हातात असलेला माणूस थांबतो, विचार करतो. पुढे कृष्ण त्याला लढायला लावतो खरा, पण त्या थांबण्याची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही.

ज्यांच्या स्टुडिओत मी रीळ भरायला शिकले ते काका दिगंबर जैन होते, म्हसरूळच्या गजपंथावर नेमाने जाणारे. हिंसेचे चार प्रकार मी त्यांच्याकडून शिकले. ठरवून केलेली ती संकल्पी. घरकामात होते ती आरंभी, पोटाच्या धंद्यात होते ती उद्योगी, आणि अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी पूर्णपणे सोडायची, बाकीच्या तिन्ही जमतील तेवढ्या कमी करायच्या. ही विभागणी मला फार उपयोगी पडली, कारण तिने माझा प्रश्न अंधाऱ्या रस्त्यावरून उचलून घरात आणला. भर दुपारी दुकानात उभं राहून, धार बघून विकत घेतलेला चाकू विरोधी हिंसेत मोडतो की संकल्पीत? माझ्या मते तो संकल्पाच्या फार जवळ जातो. बचावासाठी घेतलेल्या चाकूला भोसकण्यावाचून दुसरं काम नाही, आणि तो चालवायचा तर चोराच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं. तिथे तो कोणाच्या हातात राहील हे सांगता येत नाही. स्प्रे डोळे जाळतो, पळायला वेळ देतो, आणि काही वेळाने समोरचा माणूस पुन्हा पाहू शकतो. म्हणून मी स्प्रे बाळगते, चाकू नाही. तोही बॅगेच्या तळाशी बॅटऱ्यांखाली नको. खिशात हवा, तारीख उलटून न गेलेला, आणि वारा आपल्याकडे येत असेल तर वापरायचा नाही.

पण तो स्प्रे कॅमेऱ्यासाठी नाही.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात फोटोच्या कामासाठी गेलेल्या एका तरुण छायापत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. पुरुष सहकारी बरोबर असूनही. रात्री समोर येणारा माणूस कॅमेऱ्यासाठी आलाय की माझ्यासाठी, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळणार नाही. बॅग कळवते. ती त्याच्या पायाशी टाकायची आणि उजेडाकडे पळायचं. तो बॅगेकडे वळला तर तो चोर आहे. त्याच्याशी झुंजून मिळवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तो बॅग ओलांडून माझ्याकडे आला, तर माझा संयम तिथे संपतो. मग स्प्रे, मोनोपॉड, दात, नखं, सगळं धर्म्य आहे. बॅग सोडून देण्याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तर त्या क्षणी खरं काय आहे ते जाणून घेण्याचा दुसरा उपाय दिसत नाही.

गांधीजी याच्याही पुढे गेले. १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर लिहिलेल्या 'हिंद स्वराज'मध्ये चोराचं एक लांबलचक उदाहरण आहे. हत्यारं घेऊन चोराच्या मागे लागलात तर तो अधिक बेफाम होईल, शेजाऱ्यांनाही लुटेल. त्यापेक्षा दारं उघडी ठेवा, वस्तू हाताशी ठेवा, एक दिवस तोच पस्तावून परत येईल. पहिला अर्धा भाग मला पटतो. दुसरा मला पेलत नाही. माझी दारं उघडी ठेवायला ती पूर्णपणे माझी हवीत. बॅगेत बँकेचे पैसे आहेत आणि कार्डात कोणाच्या तरी लेकीची पाठवणी आहे, जी पुन्हा होणार नाही.

मग त्या कार्डासाठी तरी लढावं का? दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याबद्दल मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक नियम आहे. ठेव चोराने नेली, पाण्यात वाहून गेली किंवा जळाली, तर ती भरून देण्याचं बंधन ठेवून घेणाऱ्यावर नाही, त्याने त्यातलं काही स्वतः काढून घेतलं नसेल तर. ठेवीसाठी जीव देण्याची अपेक्षा तिथेही नाही. काळजी घेण्याची मात्र आहे, आणि ती आधी घ्यायची असते. कॅमेऱ्याच्या दोन्ही कार्ड-स्लॉटमध्ये एकच काम लिहायचं, आणि हॉल सोडण्याआधी एक कार्ड काढून अंगावरच्या आतल्या खिशात ठेवायचं. कॅमेऱ्याची किंमत कळणाऱ्या चोराला त्या कार्डाची किंमत शून्य असते.

बॅग सोडली म्हणजे प्रकरण सोडलं असं नाही. क्षमा करायची तर ती माझ्या नुकसानीपुरती. तक्रार न करणं म्हणजे पुढच्या रात्री दुसऱ्या कोणाच्या वाटेवर तोच माणूस उभा करणं. एफआयआर नोंदवायलाच हवा, विम्याचा दावाही त्याच्या प्रतीशिवाय पुढे सरकत नाही.

आणि शेवटचं, स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी. बॅग पुष्कळदा आपल्या पाठीवर नसतेच. ती उचलतो एकोणीस-वीस वर्षांचा असिस्टंट, आणि तो बॅगेसाठी जिवावर उदार होतो ते नुकसान पगारातून कापलं जाईल या धास्तीने. त्याचं रक्त सांडलं तर ती हिंसा आपल्या खात्यावर आहे. म्हणून आजच बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर लिहून ठेवा, विमा उतरवा, आणि त्या पोराला समोर बसवून स्पष्ट सांगा : कोणी बॅग मागितली तर देऊन टाक, तुझ्या पगारातून एक रुपया कापणार नाही.