गुत्त्याचा कर आणि शाळेची भिंत

पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवरील कोणाही पालकास विचारा, तो शाळा हवीच म्हणेल. पण ती दारूगांजाच्या करावर चालवावी काय?

प्रश्न जुनाच आहे. 1919 च्या सुधारणांनीं अबकारी व शिक्षण हीं दोन्ही खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिलीं. मद्याचें उत्पन्न बुडालें तर शाळा कशा चालाव्या, ही अडचण तेव्हांच उभी राहिली. 1937 सालीं गांधीजींनीं तिच्यावरच बोट ठेविलें. अमेरिकेंतील कोलोराडो राज्याच्या मतदारांनीं 2012 सालीं गांजा मोकळा करितांना त्याच्या कराचा वाटा शाळांच्या इमारतींस लावून दिला. आपल्याकडे गांजा 1985 च्या कायद्यानें बंद आहे. दारूचा कर मात्र तिजोरींत येतोच.

कोणी म्हणेल, व्यसनी माणसाचा पैसा निदान लेकरांच्या कामीं तरी लागतो. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु तो पैसा पुष्कळदां त्याच लेकराच्या घरच्या पिठाच्या डब्यांतून आलेला असतो. शिवाय शाळा गुत्त्यावर अवलंबून राहिली, कीं गुत्ता उठण्याची भीति शाळेच्या हितचिंतकांसही वाटूं लागते. खरा दोष पैशांत नाहीं, त्या गरजेंत आहे.

महाराष्ट्रांत 2008 च्या नियमांनुसार निम्म्याहून अधिक मतदारांनीं आडव्या बाटलीस मत दिल्यास गांवचें दुकान बंद होतें. मत देणारानें आपल्या मनास एवढेंच विचारावें: उद्यां दुकान उठलें तर मला आनंद होईल, कीं हिशेबाची चिंता? चिंता वाटली, तर शाळेचा भार आपण सर्वांनीं उचलण्याची वेळ आली, असें समजावें.