वनपिंगळ्याची साक्ष

खानदेशात आता जंगल उरलेय कुठे, असे आपण सहज म्हणून टाकतो. त्याच जंगलात, पक्षिशास्त्राने जवळपास नामशेष मानलेला एक पक्षी दिवसाढवळ्या बोडक्या फांदीवर बसत होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. घुबडाच्या जातीतल्या या वनपिंगळ्याचा त्याआधीचा शेवटचा खात्रीचा नमुना होता १८८४चा. मग मधली ११३ वर्षे तो गेला कुठे?

तो कुठेच गेला नव्हता. मधली एक नोंदच खोटी होती. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात वनपिंगळ्याचे नमुने गोळा केले. त्यांतला एक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी लंडनच्या संग्रहालयातून लांबवला, नव्याने शिवला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपणच मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली. त्या चिठ्ठीने पुढच्या शोधाची दिशा चुकवली. रासमुसेन यांनी हे बिंग फोडले, मांडवी वगळली आणि खऱ्या नोंदींचा माग काढत त्या खानदेशात आल्या.

पण सगळा दोष कर्नलवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. सातपुड्यात गुरे चारणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी माणसांनी हा पक्षी कधीच पाहिला नसेल, हे पटण्यासारखे नाही. त्यांना विचारावे, त्यांचे ऐकून लिहून ठेवावे, असे आपल्या शाळा-कॉलेजांना वाटले नाही.

पुढे यावल अभयारण्यातही वनपिंगळ्याच्या नोंदी झाल्या. हे अभयारण्य १९६९चे, सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे. वनपिंगळ्याला तिथे जे लागते, ते आपल्या जंगलाच्या कल्पनेला धक्का देणारे आहे. त्याला घनदाट रान नको. सागाचे विरळ, कोरडे रान हवे. खाली सरडे आणि उंदीर सापडतील असे गवत हवे, टेहळणीला उघडी फांदी हवी आणि घरट्याला ढोली असलेले जुने झाड हवे. आपण नेमके तेच झाड ‘वाळलेले’ म्हणून सरपणाला तोडतो. वणवा गवत संपवतो, अतिक्रमण रानाचे तुकडे करते आणि घुबडाच्या जातीला अपशकुनी ठरवणारी समजूत उरलेले काम पुरे करते. अशा ठिकाणी एकाच जातीची हजार रोपे लावून फोटो काढल्याने गेलेली ढोली परत येत नाही.

याचा दोष केवळ पाड्यावरच्या माणसाला देणे सोयीचे, पण अर्धवट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याच्या कसणुकीला मान्यतेचा मार्ग दिला, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय मानूनच. सागाची दारे-खिडक्या सपाटीवरच्या घरांना लागल्या. रावेर-यावलच्या केळीला लागणारे पाणीही याच डोंगराच्या पायथ्याशी, दगडगोट्यांच्या थरांतून मुरते. रान उजाड होऊन ओढे-नाले भराभर वाहून गेले की मुरायला पाणी उरत नाही, आणि केळीसाठी बोअर मात्र दरवर्षी खोल जातात. डोंगर उघडा पडल्याची किंमत पाड्यावर तर मोजली जातेच, ती बागायतदाराच्या वीजबिलातही चढते.

वनपिंगळ्याला धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ गटात आणले गेले. यामागचे मोठे कारण, लोकांनी शोधल्यावर तो आणखी ठिकाणी सापडला, हे आहे. म्हणजे निरीक्षण हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. एखादी जात कुठे उरली आहे, हे त्याशिवाय कळत नाही, आणि जे कळत नाही ते वाचवताही येत नाही.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक कॉलेजाने सातपुड्यातले किंवा जवळचे एक रान दत्तक घ्यावे. ढोलीची झाडे, गवत, वणवे, पक्षी यांची तारीखवार वही ठेवावी आणि तीत पाड्यावरच्या माणसाची माहिती त्याच्या नावानिशी लिहावी. खानदेशच्या रानाची साक्ष लंडनच्या कपाटात शोधायची वेळ पुन्हा येऊ देऊ नये.