पाण्याकाठी सांगितलेलं नाव

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. तेव्हापासून तिच्याविषयी बोलणं निघालं की कर्णाच्या धैर्याचंच निघतं: कवचकुंडलं, दान, रुतलेलं चाक. मला ती एका घरानं झाकून ठेवलेल्या गोष्टीची कादंबरी वाटते, आणि तिच्यातलं सगळ्यांत अवघड धैर्य रणांगणावरचं वाटत नाही.

सावंतांनी कर्ण, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण यांच्याबरोबर कुंतीलाही स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. त्यामुळे गुपित वाचकाला ठाऊक असतं, घरातल्यांना नसतं. ही आता बोलेल म्हणून आपण वाट पाहतो. बोलते ती युद्धाच्या तोंडावर, आणि तेही एकट्या कर्णाशी. मूळ महाभारतात कर्णही सत्य कळल्यावर, पांडवांना सांगू नकोस, असं कृष्णाला विनवतो. म्हणजे गुपित एकट्या बाईनं पाळलं असं म्हणायची सोय नाही. (पुढे धर्मराजाचा शाप मात्र समस्त बायकांना!)

युद्ध संपल्यावर गंगेकाठी मृतांना पाणी देताना कुंती मुलांना सांगते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला हा प्रसंग फार जुना वाटत नाही. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्यांना गुरुजी गोत्र विचारतात, मग बापाचं, आजाचं नाव. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्यांच्या पिढ्या उतरवलेल्या असतात. बहुतेक जण घडाघडा सांगतात. एखादा थबकतो, शेजारी उभ्या म्हातारीकडे बघतो. घरात चाळीस वर्षं न निघालेला विषय तिथे अर्ध्या मिनिटात निघू शकतो. पितृपक्षाची कथाही कर्णाचीच सांगतात: आयुष्यभर सोनं दान केलं म्हणून स्वर्गात त्याला ताटात सोनंच मिळालं. पितरांना अन्न का दिलं नाहीस, यावर तो म्हणाला, माझे पितर कोण हेच मला ठाऊक नव्हतं.

उशिरा बोलून कुंतीनं काय साधलं? कर्ण गेलेला. धर्मराजाच्या विजयाची मात्र भ्रातृहत्या झाली. गप्प बसली असती तर मुलं निदान सुखानं राज्य करती, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण युद्धाआधी ती कर्णाकडे गेली तेव्हा मागायला गेली होती, आणि अर्जुन सोडून चौघांना जीवदान घेऊन परतली. गंगेकाठी मिळण्यासारखं काही उरलंच नव्हतं, होती ती आईपणाची अब्रू जायची होती. म्हणून त्या बोलण्याला मी धैर्य म्हणतो. त्यानं तिचं आधीचं मौन माफ होत नाही. त्या मौनाची किंमत कर्णानं मोजली, आणि कबुलीची धर्मराजानं.

युधिष्ठिरानं मग कर्णाच्या बायकांना नदीवर बोलावून घेतलं आणि त्यांच्यासह त्याची उत्तरक्रिया केली. तोवर त्या सूताच्या सुना होत्या.